जागतिक सरकार येणार का, आणि आलं तर ते कोणाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर बोलणं निघालं की काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. जिथे गुंता आहे तिथे उत्तर लांबलं आहे, जिथे नाही तिथे दोन ओळींत आटोपलं आहे.

जगाचं एखादं सरकार आज अस्तित्वात आहे का?

नाही. सरकार म्हणायला किमान चार गोष्टी लागतात: कायदा करण्याचा अधिकार, कर वसूल करण्याचा अधिकार, कायदा मोडणाऱ्याला पकडणारे पोलीस आणि ज्याचा निकाल टाळता येत नाही असं न्यायालय. या चारही गोष्टी हाती असलेली एकही संस्था देशांच्या वर नाही. संयुक्त राष्ट्रांना कर लावता येत नाही. सदस्य देश वर्गणी भरतात, कोणी वेळेवर, कोणी रखडवून. २०२५ सालचा नियमित अर्थसंकल्प सुमारे ३.७ अब्ज डॉलरचा होता, शांतिसेनेचा खर्च वेगळा. त्याच्या आदल्या वर्षी जगाने सैन्यावर सुमारे २,७०० अब्ज डॉलर खर्च केले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘संयुक्त राष्ट्रे जगावर राज्य करतात’ या म्हणण्यात किती दम आहे ते कळतं.

मग संयुक्त राष्ट्रांच्या हातात नेमकं काय आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची, म्हणजे ज्या करारावर ही संघटना उभी आहे त्याची, सुरुवात ‘आम्ही, संयुक्त राष्ट्रांचे लोक’ अशी आहे. पण २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तिच्यावर सह्या केल्या त्या सरकारांच्या प्रतिनिधींनी, आणि पुढच्या सगळ्या कलमांतही सत्ता सरकारांकडेच राहते. तेव्हा ५१ देश होते, आज १९३ आहेत. आमसभेत प्रत्येक देशाला एक मत. तुवालूची लोकसंख्या दहा-अकरा हजार आणि भारताची १४० कोटींच्या वर, मत दोघांचं सारखंच. मात्र आमसभेचे ठराव देशांवर कायद्यासारखे बंधनकारक नसतात. वजन पडतं, पण पाळलं नाही म्हणून कोणी दारात येत नाही.

बंधनकारक निर्णय सुरक्षा परिषदेचे. कलम २५ प्रमाणे ते सर्व सदस्यांनी मानायचे असतात. परिषदेत १५ जागा आहेत आणि ठराव मंजूर व्हायला ९ मतं लागतात. पण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाचांपैकी एकानेही विरोधात हात वर केला, तर बाकी चौदा एका बाजूला असले तरी ठराव पडतो. हाच नकाराधिकार. तो काढायचा तर सनद दुरुस्त करावी लागते, आणि कलम १०८ नुसार त्या दुरुस्तीला याच पाचांची मान्यता लागते. म्हणजे कुलूप त्यांचं आणि किल्लीही त्यांचीच.

१९८६ सालचं एक उदाहरण पाहा. निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला जिंकला. बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं, बंदरांत सुरुंग पेरणं हे बेकायदा असल्याचं न्यायालयाने सांगितलं आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून निकाराग्वा सुरक्षा परिषदेकडे गेला. तिथे अमेरिकेने नकाराधिकार वापरला. ज्याच्याविरुद्ध निकाल, त्याच्याच हाती अंमलबजावणी रोखण्याचा हक्क. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव रशियाने असाच पाडला. देश बदलतात, रचना तीच राहते.

ही कल्पना आली कुठून?

जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत दान्ते या कवीने सगळ्या जगासाठी एकच सम्राट असावा असं मांडलं होतं. १७९५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कान्टने उलट इशारा दिला: साऱ्या जगाचं एकच राज्य झालं तर ते निष्प्राण हुकूमशाहीकडे झुकेल आणि अखेर अराजकात कोसळेल. म्हणून त्याला स्वतंत्र राष्ट्रांचा संघ हवा होता, एकच राज्य नको होतं. सव्वादोनशे वर्षं झाली, वाद अजून याच रेषेवर चालू आहे.

८ ऑगस्ट १९४२ चा ‘भारत छोडो’ ठराव बहुतेकांना एका वाक्यापुरता माहीत असतो. त्याच ठरावात जगाच्या शांततेसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ हवा, त्याचं स्वतःचं संरक्षण दल असावं आणि जगाची साधनसंपत्ती सर्वांच्या भल्यासाठी एकत्र वापरली जावी, असंही म्हटलं आहे. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. साम्राज्यही अनेक देशांना एका छताखाली आणतंच. आधी स्वातंत्र्य, मग संघ, हा क्रम गुलामी भोगलेल्या लोकांनी घालून दिलेला आहे.

हिरोशिमानंतरची दोन-तीन वर्षं ही कल्पना खरोखर जोरात होती. गॅरी डेव्हिस नावाच्या अमेरिकी माजी वैमानिकाने मे १९४८ मध्ये पॅरिसमध्ये आपलं नागरिकत्व सोडलं आणि स्वतःला जगाचा नागरिक म्हणवून घेतलं. नोव्हेंबरमध्ये त्याने आमसभेचं अधिवेशन चालू असतानाच उठून जागतिक सरकारची मागणी केली. रक्षकांनी त्याला बाहेर नेलं.

मग तेव्हाच का झालं नाही?

कारण प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला: हे कोणाच्या सोयीचं?

१९४६ मध्ये अमेरिकेने बारूक योजना मांडली. जगातल्या अणुऊर्जेवर एका आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाचं नियंत्रण, तपासणीचा अधिकार, आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा करताना नकाराधिकार नाही. कागदावर जागतिक सरकारच्या इतक्या जवळ जाणारा प्रस्ताव एखाद्या महासत्तेने क्वचितच मांडला असेल. पण क्रम असा होता की आधी तपासणीची यंत्रणा उभी राहायची आणि मग अमेरिका आपले बॉम्ब सोडणार. सोव्हिएत युनियनचं म्हणणं, आधी बॉम्ब नष्ट करा, मग तपासणीचं बोलू. एकाकडे बॉम्ब होता, दुसऱ्याकडे नव्हता. बोलणी फिसकटली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत बॉम्बची चाचणी झाली.

१९४७ मध्ये आइनस्टाइनने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला खुलं पत्र लिहून जागतिक सरकारचा आग्रह धरला. चार नामवंत सोव्हिएत शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की, हे झेंडे मानवतेचे असले तरी त्यामागून जगाच्या बाजारपेठेवर मक्तेदारी भांडवलाचीच सत्ता येईल. आइनस्टाइनचा हेतू स्वच्छ होता यात मला शंका नाही. आणि ते चौघे जिथून लिहीत होते तिथे सरकारविरुद्ध लिहिण्याची सोय नव्हती, हेही खरं. तरीसुद्धा त्यांनी विचारलेला प्रश्न त्यांच्या सरकारबरोबर बुडाला नाही.

सरकार नाही, तर मग देशांवर बंधनं घालतं कोण?

हे उत्तर जरा सावकाश वाचा, कारण खरी सत्ता इथे आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत एक देश एक मत नाही. मतं प्रामुख्याने कोट्यानुसार, म्हणजे अर्थव्यवस्थेच्या आकाराशी आणि भरलेल्या पैशाशी जोडलेली. अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के मतं आहेत. कोटे बदलण्यासारख्या मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. शंभरातून साडेसोळा वजा करून पाहा. अमेरिका एकटी तो निर्णय अडवू शकते, नकाराधिकार हा शब्द कुठेही न लिहिता. निधीचा प्रमुख नेहमी युरोपातला आणि जागतिक बँकेचा अध्यक्ष अमेरिकी नागरिक, ही वहिवाट दोन्ही संस्था सुरू झाल्यापासून चालत आली आहे. कुठल्याही कलमात ती लिहिलेली नाही. कर्ज घेणारा देश मात्र कुठलं अनुदान कापायचं, पगारावर किती खर्च करायचा, कोणता कर वाढवायचा, इथपर्यंतच्या अटी मान्य करतो. ज्यांचं अनुदान कापलं जातं त्यांनी या संस्थेला कधी मत दिलेलं नसतं.

दुसरी जागा म्हणजे गुंतवणूक करारांखालचे लवाद. दोन देश करार करतात की एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देऊ. मग सरकारच्या एखाद्या निर्णयाने नुकसान झालं असं कंपनीला वाटलं, तर ती तिथल्या न्यायालयात न जाता थेट लवादापुढे जाऊ शकते. लवाद बहुधा तीन जणांचा. उरुग्वेने सिगारेटच्या पाकिटाच्या ८० टक्के भागावर धोक्याची सूचना छापायला लावली आणि एका ब्रँडचे अनेक प्रकार विकायला बंदी केली. फिलिप मॉरिस या कंपनीने २०१० मध्ये स्वित्झर्लंड आणि उरुग्वेमधल्या कराराचा आधार घेऊन दावा ठोकला. २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला, कंपनीला त्याच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. शेवट चांगला झाला. पण पस्तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला सहा वर्षं लढावं लागलं, आणि असा कायदा करू पाहणाऱ्या दुसऱ्या छोट्या देशाच्या आरोग्यमंत्र्याने तो खटला पाहून काय विचार केला असेल? सिगारेट ओढून फुप्फुसं गेलेल्या माणसाला त्या लवादाच्या दारात उभंही राहता येत नाही. ते दार गुंतवणूकदारांसाठी आहे.

म्हणून ‘जागतिक सरकार येणार का’ यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त टोचतो. देशांच्या वरचे नियम आधीच तयार होत आहेत. ते करताना कोणाला ‘नाही’ म्हणता येतं, आणि चूक झाली तर कोणाला दाद मागता येते?

पडद्यामागचे मूठभर लोक जग चालवतात, हे खरं आहे का?

गुप्त जागतिक सरकार असल्याचा पुरावा नाही. आणि या समजुतीचा इतिहास माहीत असणं गरजेचं आहे, कारण तो रक्ताने माखलेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात ‘झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल’ नावाचा मजकूर छापला गेला. ज्यू लोक जग ताब्यात घेण्याचा कट करत आहेत, असा त्याचा आशय. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने दाखवून दिलं की त्यातले परिच्छेद एका जुन्या फ्रेंच राजकीय पुस्तकातून उचललेले आहेत, ज्यात ज्यूंचा विषयच नव्हता. बनावट उघडी पडली, तरीही नाझींनी तो मजकूर प्रचारासाठी वापरला. आज निरोप पुढे ढकलले जातात त्यात नावं बदललेली असतात, सांगाडा पुष्कळदा तोच असतो. त्यामुळे असा निरोप आला की थांबा. ‘सगळ्याच्या मागे अमुक लोक’ या वाक्यात ‘अमुक’च्या जागी कोण बसवलं आहे ते पाहा.

कटाची कथा आणखी एक नुकसान करते. ती नजर उघड गोष्टींवरून हटवते. नाणेनिधीतली मतांची टक्केवारी संकेतस्थळावर कोणीही वाचू शकतं. नकाराधिकाराचं मतदान कॅमेऱ्यासमोर होतं. मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी परिषदांना नाव लावून हजर असतात. बळी तो कान पिळी हे दिवसाढवळ्या चालतं, त्याला तळघर लागत नाही.

जागतिक सरकार झालं तर गरीब देशांचा फायदा होईल का?

रचना कशी आहे त्यावर अवलंबून. तीच बाब दोन वेगवेगळ्या सभागृहांत नेली की निकाल कसा बदलतो, हे करांच्या उदाहरणात छान दिसतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर कर कसा लावायचा याचे नियम अनेक दशकं श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या पुढाकाराने ठरत आले. २०२१ मध्ये तिथेच १३० हून अधिक देशांनी किमान १५ टक्के कराचं तत्त्व मान्य केलं. अनेक आफ्रिकी देशांचं म्हणणं होतं की, टेबलावर खुर्ची मिळाली पण विषयपत्रिका दुसऱ्यांचीच राहिली. २०२३ मध्ये आफ्रिकी गटाने हा विषय संयुक्त राष्ट्रांत आणला. नव्या कर कराराच्या बाजूने १२५ मतं पडली, विरोधात ४८. विरोधकांत अमेरिका, ब्रिटन, जपान आणि युरोपीय संघाचे देश होते. दोन वर्षांनी जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाने अमेरिकी कंपन्यांना किमान कराच्या काही नियमांतून सूट देण्यावर सहमती दाखवली.

लसीचंही असंच. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की, कोविडच्या काळापुरते लसी, औषधं आणि चाचण्या यांच्यावरचे पेटंट वगैरे हक्क स्थगित ठेवा. निर्णय जून २०२२ मध्ये झाला, तोही फक्त लसींपुरता आणि बराच कापलेला. महासाथीची सर्वांत वाईट लाट तोवर येऊन गेली होती.

मोठे देश जागतिक न्यायालयांना का घाबरतात?

त्यांना दुसऱ्यांसाठी न्यायालय चालतं, स्वतःसाठी नाही. युद्धगुन्हे, नरसंहार अशा गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटला चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार १९९८ मध्ये रोममध्ये १२० विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत त्याचे सदस्य नाहीत. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट निघालं, पुढच्या वर्षी ते मंगोलियात गेले. मंगोलिया सदस्य असूनही त्याने अटक केली नाही. नेतान्याहू यांच्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये वॉरंट निघालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये हंगेरीने त्यांचं स्वागत करून न्यायालयातून बाहेर पडण्याची घोषणा केली. अमेरिकेने तर न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि न्यायाधीशांवरच निर्बंध लादले.

जागतिक संस्थेनेच चूक केली तर दाद कुठे मागायची?

माझ्यासाठी सगळ्या चर्चेचं मूळ या प्रश्नात आहे. म्हणून हैतीची गोष्ट सविस्तर सांगतो.

जानेवारी २०१० मध्ये हैतीत प्रचंड भूकंप झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कॉलरा पसरला. त्याआधी किमान शंभर वर्षं त्या देशात कॉलऱ्याची नोंद नव्हती. मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती आणि तिथे नेपाळहून, कॉलऱ्याची साथ चालू असलेल्या देशातून, नवी तुकडी आली होती. छावणीच्या शेजारून एक छोटा ओढा वाहतो, तो पुढे आर्तिबोनीत या देशातल्या सर्वांत मोठ्या नदीला मिळतो. छावणीतल्या संडासांचं सांडपाणी नीट बंदिस्त नव्हतं, मैला टाकायचे खड्डे उघडे होते. लोक त्याच पाण्यात आंघोळ करत, कपडे धूत, तेच पाणी पीत. आठ लाखांच्या वर माणसं आजारी पडली, सुमारे दहा हजार दगावली.

आता दाद मागायची कुठे? शांतिसेना आणि हैती सरकार यांच्यातल्या करारात लिहिलं होतं की, अशा तक्रारींसाठी दावा आयोग नेमला जाईल. तो कधीच नेमला गेला नाही. २०११ मध्ये पाच हजार पीडितांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे भरपाईचे दावे दाखल झाले. २०१३ मध्ये उत्तर आलं की, हे दावे स्वीकारण्याजोगे नाहीत. पीडित अमेरिकेतल्या न्यायालयात गेले. १९४६ च्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांना खटल्यापासून संरक्षण आहे, असं सांगून तिथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या लोकांची माफी मागितली. ४० कोटी डॉलरच्या मदतीची घोषणा झाली. देशांनी ऐच्छिक देणग्या द्यायच्या होत्या, आणि त्यातला अगदी थोडा पैसा जमला.

इथे कोणी दुष्ट नव्हतं. सैनिक मदतीला आले होते. संरक्षणाची तरतूदही समजण्यासारखी आहे, नाहीतर प्रत्येक यजमान सरकार खोटे खटले घालून कर्मचाऱ्यांना कोंडून ठेवेल. पण एखाद्या गावात नगरपालिकेने पिण्याच्या पाण्यात मैला सोडला असता, तर लोक न्यायालयात गेले असते, पुढच्या निवडणुकीत सदस्य पाडले असते, निदान कार्यालयाला घेराव घातला असता. त्या नदीकाठच्या बाईला यातलं काहीच करता आलं नाही. मग तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांहून शंभरपट ताकदवान जागतिक सरकार म्हणजे काय असेल? आधी याचं उत्तर द्या, मग घोषणा द्या, असं मी समर्थकांना कळकळीने सांगतो.

युरोपीय संघ हा छोटा नमुना म्हणता येईल का?

काही बाबतीत हो. १९७९ पासून थेट निवडून येणारी संसद आहे, नागरिकाला देशाच्या वर दाद मागता येईल असं न्यायालय आहे, आणि बाहेर पडायचा रस्ताही आहे. ब्रिटनने २०१६ मध्ये मतदान केलं आणि २०२० मध्ये तो बाहेर पडला. जागतिक सरकारमधून बाहेर पडून जाणार कुठे, हा फरक लहान नाही.

पण कर्जात बुडालेला २०१५ चा ग्रीस आठवा. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो काढण्याची मुभा, रांगेत पेन्शनर. ५ जुलैला सुमारे ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटी नाकारल्या. आठवड्याभरात सरकारला तशाच कडक अटी स्वीकाराव्या लागल्या, कारण युरो छापणारी बँक अथेन्समध्ये नव्हती. धनकोंचं म्हणणं होतं की, आमच्याही मतदारांचा पैसा आहे. तेही चूक नव्हे. मात्र चलन एक आणि मतपेट्या वेगवेगळ्या असल्या की कोणाची मतपेटी जड ठरते, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

एक सरकार झालं की युद्धं थांबतील ना?

खात्री नाही. एकाच सरकारच्या आत यादवी होतेच, आणि आजचे बरेचसे संघर्ष देशांच्या आतलेच आहेत. शिवाय यंत्रणा असणं आणि ती वापरण्याची इच्छा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, निर्बंध घातले, पण तेल त्यातून वगळलं. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना सुमारे अडीच हजारांवरून २७० वर आणायचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. नकाराधिकार तेव्हा कोणी वापरला नव्हता. त्यांना वाचवण्यात कुठल्याच मोठ्या देशाचा स्वार्थ नव्हता, एवढंच.

देशांच्या वरची व्यवस्था कुठे खरोखर चालली आहे का?

चालली आहे, आणि हे सांगताना मला मनापासून आनंद होतो. परदेशात पाठवलेलं पत्र घ्या. तिकीट आपल्या देशाचं, पैसे आपल्या टपाल खात्याला, आणि दारात आणून देतो दुसऱ्या देशाचा पोस्टमन. १८७४ च्या बर्न करारापूर्वी वाटेतल्या देशांशी वेगवेगळे करार आणि वेगवेगळे दर असत. बावीस देशांनी ठरवलं की टपालापुरता सगळा प्रदेश एकच मानू. दीडशे वर्षं झाली, व्यवस्था चालू आहे. भांडणं झाली नाहीत असं नाही. चीनहून येणाऱ्या छोट्या पार्सलांचा दर फार कमी पडतो म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेने बाहेर पडण्याची नोटीस दिली, २०१९ मध्ये जिनिव्हात तडजोड झाली.

देवी रोगाचं उच्चाटन, १९८० मध्ये जाहीर झालेलं, शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत युनियन दोघांच्या मदतीने झालं. ओझोन थर वाचवण्याचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला. तो का चालला हे शिकण्यासारखं आहे. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली, १९९० मध्ये बदलाच्या खर्चासाठी स्वतंत्र निधी ठरला, आणि करारात नसलेल्या देशांशी ओझोनला घातक वायूंचा व्यापार बंद केला गेला. काम एक, नियम स्पष्ट, आणि ज्याने जास्त बिघडवलं त्याने जास्त भरायचं.

महासाथ करारामुळे आपल्या देशात टाळेबंदी लावण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेकडे जातो का?

नाही. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या करारात स्पष्ट लिहिलं आहे की, टाळेबंदी, प्रवासबंदी किंवा लससक्ती लादण्याचा अधिकार संघटनेच्या सचिवालयाला मिळत नाही. शंका असेल तर ते कलम स्वतः वाचा.

थेट निवडून आलेली जागतिक संसद हा उपाय नाही का?

मला ही कल्पना आवडते, आणि म्हणूनच तिची अडचण लपवत नाही. माणशी एक मत ठेवलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा भारत आणि चीन या दोनच देशांकडे जातील, आणि चीनमध्ये अनेक पक्षांची खुली निवडणूक होत नाही. त्या जागांवर बसणारे लोकांचे प्रतिनिधी की सरकारचे? देशाला एक मत ठेवलं तर तुवालूच्या रहिवाशाचं मत भारतीयाच्या मताच्या लाखपट जड होईल. १९४६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लायोनेल पेनरोझ यांनी मधला मार्ग सुचवला: जागा लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात द्या. त्या हिशेबाने भारताला तुवालूच्या सुमारे पावणेचारशेपट जागा मिळतील. न्याय्य वाटतं का? निदान बोलणी सुरू करण्याजोगं नक्कीच.

तुमचं स्वतःचं मत काय?

सगळ्या विषयांचं एकच सरकार मला नको आहे. हवामान, साथी, अण्वस्त्रं, कंपन्यांचे कर आणि समुद्रतळ अशा मोजक्या बाबतीत, जिथे एकट्या देशाचा इलाज चालत नाही, तिथे बंधनकारक जागतिक कायदा हवा. पण अट एक. ज्या संस्थेला आदेश देण्याचा अधिकार मिळेल, तिच्याविरुद्ध साध्या माणसाला जाता येईल असं न्यायालय त्याच दिवशी, त्याच कागदावर उभं राहिलं पाहिजे. हैतीसारखं ‘आयोग नंतर नेमू’ चालणार नाही.

येत्या काळात काही बदलेल अशी आशा आहे का?

बदल आजवर एकदाच मोठा झाला. १९६३ मध्ये आमसभेने सुरक्षा परिषदेच्या जागा ११ वरून १५ करण्याची दुरुस्ती मंजूर केली आणि १९६५ मध्ये ती अंमलात आली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई आणि आफ्रिकी देशांचा रेटा त्यामागे होता, आणि पाच मोठ्यांनाही अखेर मान तुकवावी लागली. त्यांचा नकाराधिकार मात्र तसाच राहिला.

सनदेत दुसरा दरवाजाही ठेवलेला आहे. कलम १०९ प्रमाणे सनदेचा फेरविचार करायला सर्व सदस्यांची परिषद बोलावता येते, आणि दहा वर्षांत ती झाली नाही तर तो विषय आमसभेपुढे यावा असं तिथे लिहिलं आहे. १९५५ मध्ये तो आला. परिषद ‘योग्य वेळी’ भरवावी असा ठराव झाला आणि वेळ ठरवायला समिती नेमली गेली. ती परिषद अजून भरलेली नाही.